तिसरं सील

शेवटचा बोल्ट सुटला तशी मोटर एकदम काकांच्या मांडीवर कलंडली. "आलीस एकदाची," असं तिला म्हणत त्यांनी ती दोन्ही हातांनी सावरली आणि पंपघराच्या ओल्या फरशीवर अंथरलेल्या पोत्यावर आडवी केली. पुढच्या बेअरिंगमधून तांबूस पाणी ओघळलं आणि पोत्यात जिरलं. शाफ्ट हाताने फिरवून पाहिला तर अर्ध्या फेऱ्यातच तो कुरकुरून अडकला. आतून जळक्या वार्निशचा वास आला. मोटर गेली होती, आणि चांगलीच गेली होती.

ती कशाने गेली हे काकांना उघडण्याआधीच ठाऊक होतं. पोहण्याच्या तलावाचा पंप आणि त्याची मोटर यांच्यामध्ये, शाफ्टवर, एक लहानसं सील बसवलेलं असतं. चिनी मातीची एक गुळगुळीत चकती, तिला घासत फिरणारी दुसरी काळी चकती आणि मागून रेटा देणारी स्प्रिंग. दोघी एकमेकींना बिलगून फिरतात तोवर पाणी अलीकडे राहतं आणि वीज पलीकडे. मध्ये केसाएवढी फट पडली की पाणी शाफ्टवरून सरकत मोटरीत शिरतं, आधी बेअरिंग खातं आणि मग तारा. इथे तेच झालं होतं. पण हे सील काकांनी स्वतःच्या हाताने अडीच महिन्यांपूर्वी बसवलेलं होतं. त्याच्या आधीचंही त्यांनीच, त्याच्या तीन महिने आधी. आणि त्याही आधीचं सील याच पंपात नऊ वर्षं बिनबोभाट चाललं होतं.

"का?" काका स्वतःशीच म्हणाले.

त्यांना वयाच्या विसाव्या वर्षापासून सगळे काकाच म्हणत. काम शिकत होते तेव्हा उस्तादाने काहीही सांगितलं की 'का? का?' असं दोनदा विचारायची त्यांना खोड होती, म्हणून वैतागून उस्तादानेच हे नाव ठेवलं. पुढे केस पिकले, नाव अंगाला बसलं आणि त्यामागची गंमत लोक विसरून गेले. बायको मात्र विसरली नव्हती. कारण कळल्याशिवाय ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

काकांनी शाफ्ट मागून पान्याने धरला, पाणी ढकलणारा पंखा उलटा फिरवून काढला आणि सीलचे दोन्ही भाग सुटे केले. मग पांढरी चकती घेऊन ते दारापाशी उजेडात आले. चकतीवर बारीक रेघा होत्या. वाळूने ओरखडे पडतात ते गोल पडतात, चकती फिरते त्या दिशेने. या रेघा मधून कडेकडे गेल्या होत्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या. त्यांनी मोजल्या. सात. अशा रेघा तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की उमटतात. त्यांनी सीलचं रबर नखाने दाबून पाहिलं, ते दबलं नाही. पंख्याच्या प्लास्टिकची कड किंचित वितळून मुडपली होती.

म्हणजे पंप कोरडा चालला होता. अख्खा तलाव शेजारी भरलेला असताना पंपाला पाणी मिळत नव्हतं!

"काय काका, निघालं का काही?"

तलावाच्या कमिटीचे सेक्रेटरी दारात उभे होते. बुटाला पाणी लागू नये म्हणून ते उंबऱ्यावरच थांबले.

"मोटर नवी लागेल, साहेब. आणि सील."

"सील मागच्या वेळी नवंच घातलं होतं ना?"

"होतं."

"आणि त्याच्या मागच्या वेळी?"

"तेही नवंच."

सेक्रेटरींनी चष्मा काढून रुमालाने पुसला. माणूस वाईट नव्हता. पण तलाव दोन दिवस बंद म्हणजे त्यांचा फोन दोन दिवस चालू. "काका, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एक तर माल डुप्लिकेट आहे, नाहीतर तुमचा हात आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. कुठेतरी पाणी मुरतंय."

"मुरत नाही साहेब, गळतंय."

सेक्रेटरी हसले नाहीत. "कमिटीला लेखी कारण लागणार. उद्या दुपारी मी येतो. कारण नसेल तर पुढच्या वेळेपासून दुसरा माणूस बघावा लागेल. माझा नाइलाज आहे."

ते गेले. काका तिथेच थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी डब्यातला सगळ्यात लहान नट उचलून दोन बोटांच्या चिमटीत धरला, हात लांब केला आणि एक डोळा मिटून त्याच्याकडे रोखून पाहिलं. नट हलत नव्हता. त्यांनी तो परत डब्यात टाकला आणि कामाला लागले.

पंपाला पाणी न मिळायला कारणं मोजकीच असतात. त्यांनी पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी उघडली. पानं नव्हती, केस नव्हते, जाळी चकचकीत होती. तलावावर जाऊन पातळी पाहिली. पाणी खुणेच्या वर होतं. पाइपाचे सांधे एकेक करून बोटाने चाचपले. मग राहिले व्हॉल्व्ह. पंपघरात लहान-मोठे सहा व्हॉल्व्ह होते. पाच व्हॉल्व्हच्या दांड्यांवर क्लोरीनची पांढरी पूड बसली होती, एकाला तर कोळ्याने घर केलं होतं. सहावा, तलावातून पाणी ओढणाऱ्या पाइपावरचा, स्वच्छ होता. दांडा धरायच्या जागी घासून चकाकत होता. काकांनी करंगळीने ढकलला तर लोण्यात सुरी फिरावी तसा फिरला.

"लंबू!" त्यांनी हाक मारली.

लंबू तलावाचा लाइफगार्ड. पस्तिशीचा, पंपघराच्या चौकटीपेक्षा वीतभर उंच. तो वाकून आत आला.

"हा व्हॉल्व्ह कोण फिरवतं रे?"

"कोण फिरवणार?" लंबूने व्हॉल्व्हकडे पाहिलंच नाही. "फिल्टर धुताना फिरवला असेल कधी मी. आलोच हां, बाहेर पाइप चालू राहिलाय."

अकरा वर्षं दिवसातून दहा वेळा त्या दारातून वाकून जाणारा माणूस त्या दिवशी चौकटीला धडकला आणि कपाळ चोळत निघून गेला. बाहेर कुठलाही पाइप चालू नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका नवी मोटर घेऊन आले. सील बसवताना त्यांनी पंपघराचं दार लावून घेतलं, कारण वाऱ्याने उडालेला एखादा कणही चकत्यांमध्ये नको होता. हात साबणाने धुतले, स्वच्छ फडक्याने पुसले, आणि तरीही चकतीच्या चकाकत्या बाजूला बोट लावलं नाही. बोटाचा तेलकटपणाही तिला सोसत नाही. रबराला नुसतं साबणाचं पाणी लावून त्यांनी पांढरी चकती जागेवर ठेवली आणि नळीच्या तुकड्याने सगळीकडून सारखी दाबत आत बसवली. मग स्प्रिंगचा भाग, मग पंखा, मग नवं गास्केट. बोल्ट त्यांनी समोरासमोरचे आळीपाळीने आवळले.

विजेचं पॅनेल तलावाच्या ऑफिसात कुलपात असे. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी बटण बंद करून विसरलं आणि आठवड्यात पाणी हिरवं झालं, तेव्हापासून किल्ली सेक्रेटरी स्वतःकडे ठेवत आणि पंप घड्याळावर चाले, पहाटेपासून रात्रीपर्यंत सलग. कामासाठी ती आज काकांकडे होती. त्यांनी तारा जोडल्या, अर्थिंग तपासलं, क्षणभर बटण दाबून सोडलं आणि मोटरीचा पंखा बरोबर दिशेने फिरतोय याची खात्री केली. पंपाच्या भांड्यात बादलीने पाणी भरून झाकण लावलं. मग पंप सुरू केला. पारदर्शक झाकणाखाली आधी फेस उसळला, मग बुडबुडे, मग एकेक बुडबुडा निघून गेला आणि पाणी काचेसारखं नितळ झालं. नव्या मोटरीचा आवाज एका सुरात लागला. सीलखाली धरलेला कागद कोरडा होता.

एव्हाना एक वाजत आला होता. एक ते तीन तलाव सगळ्यांना बंद असे. काकांनी हत्यारांची पेटी दाराबाहेर दिसेल अशी नेऊन ठेवली, पॅनेलला कुलूप लावलं, आणि जेवणाचा डबा घेऊन फिल्टरच्या मोठ्या टाकीमागे उलट्या बादलीवर बसले. डबा उघडला, पण घास तोंडापर्यंत गेला नाही.

पंधरा मिनिटांनी दार हळूच उघडलं. लंबू आत आला, थेट व्हॉल्व्हपाशी गेला आणि दांडा आडवा केला. पंपाचा भरलेला आवाज एकदम पातळ झाला, कोणी घसा दाबावा तसा.

"सोड तो," टाकीमागून काका म्हणाले.

लंबू जागच्या जागी उडाला. त्याने दांडा चटकन उभा केला. पंपाने एक गुळणी केली आणि पुन्हा सूर धरला.

"काका, तुम्ही गेला नाहीत?"

"का?"

"नाही, पेटी बाहेर..."

"ते नाही. हा बंद का करतोस?"

उंच माणूस ओशाळला की त्याला स्वतःला कुठे ठेवावं तेच कळत नाही. तो भिंतीला टेकला, पुन्हा सरळ झाला.

"अर्धा तासच, काका. फार तर पाऊण."

"रोज?"

"रविवार सोडून."

"अरे, मग मोटरच बंद करायची!"

"किल्ली साहेबांकडे असते. व्हॉल्व्ह लावला की पाणी थांबतंच की."

"पाणी थांबतं. मोटर थांबते का?" काका उठून पंपापाशी आले. "ती फिरतच राहते. आत अडकलेलं पाणी घुसळून घुसळून उकळी यायच्या बेताला येतं. सील त्या वाफेत तापतं. आणि मग तू दांडा उघडतोस, की गार पाणी भसकन आत. चकती तडकणार नाही तर काय होईल?"

लंबूने जळालेल्या मोटरीकडे पाहिलं. ती कोपऱ्यात पोत्यावर तशीच पडली होती. "म्हणजे ही माझ्यामुळे?"

"आणि बोलणी मला. पण तू पाणी थांबवतोसच कशाला?"

लंबू दाराकडे वळला. या वेळी तो नीट वाकला. काका त्याच्यामागून तलावावर आले.

छपरातल्या काचांमधून उजेड पाण्यावर पडला होता. तिसऱ्या लेनच्या टोकाशी, काठावर, पोहण्याची टोपी घातलेली एक साठीची बाई पाय पाण्यात सोडून बसली होती. शेजारी घडी केलेला टॉवेल आणि त्यावर चष्म्याऐवजी एक पांढरी काठी.

"अजून पाणी थांबलं नाही रे," ती मागे न वळता म्हणाली. "आणि बरोबर कोण आहे? चपला ओल्या आहेत त्यांच्या."

काकांनी तिला ओळखलं. तिला न ओळखणारं त्या भागात कोणी नव्हतं. सगळे तिला नुसतं बाई म्हणत. सव्वीस वर्षं तिने याच तलावात पोहायला शिकवलं. तिच्या शिट्टीच्या धाकाने अर्धी वस्ती पाण्यात पडली होती आणि तरंगायला लागली होती. लंबू तिचाच विद्यार्थी. सेक्रेटरी स्वतः चाळिशीत, पोट आत ओढून, तिच्याकडेच शिकले होते. मग बाईंचे डोळे गेले. एकदम नाही, दोन वर्षं जात राहिले, आणि आता उजेड-अंधारापलीकडे काही कळत नव्हतं. गेल्या वर्षी पोहताना त्यांचं डोकं भिंतीवर आदळलं. कपाळाला सहा टाके पडले. सेक्रेटरींनीच स्वतःच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं, शर्ट रक्ताने भरला होता त्यांचा. पुढच्या आठवड्यात कमिटीचा नियम आला, बाईंनी पाण्यात उतरायचं नाही. निरोपसमारंभ झाला. भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं.

"मी पंपवाला," काका म्हणाले.

"काका! बसा." बाईंनी बाजूची फरशी थोपटली. "मग पकडलंत तुम्ही आम्हाला."

काका उकिडवे बसले. रागवायचं ठरवून आले होते, पण तोंडातून निघाला तो नेहमीचाच शब्द. "का, बाई?"

"त्या भिंतीतून पाणी परत येतं ना तलावात, ते मला ढकलतं." बाईंनी हाताने डावीकडची लांब भिंत दाखवली, अगदी बरोबर. "डोळे होते तेव्हा कळायचंच नाही. तळाची रेघ दिसायची, माणूस आपोआप सरळ होत जायचा. आता दहा हात मारले की मी चौथ्या लेनमध्ये, पंधरा मारले की कुठे, ते मलाच माहीत नाही. डोकं आपटलं ते असंच. पाणी थांबलं की बरोबर बावीस हात आणि भिंत. मग याला म्हटलं, थांबव थोडा वेळ." त्या थांबल्या. "त्यात काही बिघडतं का?"

काकांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत पांढरी चकती होती. ती त्यांनी बाईंच्या तळहातावर ठेवली आणि काय झालं ते सगळं सांगितलं. सील, वाफ, तिसरी खेप, सेक्रेटरींचं बोलणं. बाई ऐकता ऐकता चकतीवरून अंगठ्याचं नख फिरवत होत्या.

"नऊ," त्या म्हणाल्या.

"सात आहेत."

"नऊ आहेत, काका. दोन अगदी कोवळ्या आहेत. बघा."

काकांनी चकती घेऊन उजेडात तिरकी धरली. बराच वेळ पाहिलं. मग चष्मा कपाळावर ढकलून पुन्हा पाहिलं. नऊ होत्या.

"म्हणजे या माझ्या अर्ध्या अर्ध्या तासांच्या रेघा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला. "माझ्यापायी तुमचं नाव जायला निघालं होतं, आणि मी इथे हात मोजत बसले होते."

"काका, साहेबांना नका ना सांगू," लंबू म्हणाला. "माझं जाऊ दे, बाईंचं येणं बंद होईल."

"खोटं कारण मी आजवर लिहून दिलेलं नाही," काका म्हणाले.

"लिहूही नका," बाई म्हणाल्या. "आज शेवटचं समजू, लंबू."

नवी मोटर भिंतीपलीकडे एका सुरात चालली होती. काका मात्र डावीकडच्या भिंतीकडे टक लावून बघत होते. पाण्याच्या वरच्या थराखाली, हातभर खोलीवर, पांढरी गोल तोंडं ओळीने बसवलेली होती. त्यांच्यातून येणाऱ्या धारेने पाण्यावर वळ्या उठत होत्या, सगळ्या एकाच दिशेला, तलावाच्या मध्याकडे.

"सगळी तोंडं आडवीच का आहेत?" ते म्हणाले.

"कसली तोंडं?" लंबूने विचारलं.

काका ऑफिसात गेले, पंप बंद करून आले, बाही खांद्यापर्यंत गुंडाळली आणि काठावर पालथे पडले. पहिल्या तोंडापर्यंत हात पोचवायला त्यांना गाल ओल्या फरशीवर टेकवावा लागला. आत गोळी होती, डोळ्याच्या बुबुळासारखी हवी तशी वळणारी. बसवल्यापासून तिला कोणी हात लावलेला नव्हता. तिने आधी हट्ट केला, मग कर्र करून वळली. काकांनी तिचं भोक तळाकडे केलं. अशी सहा तोंडं. शेवटच्यापर्यंत पोचेस्तोवर शर्ट छातीपासून पोटापर्यंत भिजला होता.

पंप पुन्हा सुरू झाला. या वेळी पाण्यावर एकही वळी उठली नाही.

"उतरा," काका म्हणाले.

बाई पाण्यात उतरल्या, पाठ भिंतीला लावून सरळ झाल्या आणि निघाल्या. लंबू काठाने त्यांच्या बरोबरीने चालत होता. काका जागेवरच उभे होते, हाताच्या मुठी वळून. दहा हात. बाई तिसऱ्या लेनमध्येच होत्या. पंधरा. तळाची काळी रेघ त्यांच्या पोटाखालून एकदाही बाजूला गेली नाही. विसाव्या हाताला त्या मंदावल्या, पुढचा हात लांबवून चाचपडत गेल्या आणि बोटं भिंतीला लागली.

"सरळ?" त्यांनी तिकडून ओरडून विचारलं.

"ओळंब्यात!" काका ओरडले.

बाई परत आल्या तेव्हा हसत होत्या, पण पूर्ण नाही. "एक सांगू? मोजण्यात सगळा जीव जातो. एखादा आकडा चुकेल या भीतीने शेवटचे चार हात मी चोरटे मारते. मोजताना पोहणं राहूनच जातं." त्या पाण्यात हात फिरवत थोड्या थांबल्या. "काका, ते शेवटचं तोंड आहे ना, भिंतीजवळचं? ते तेवढं पूर्वीसारखं आडवं कराल?"

"ते तुम्हाला ढकलेल की."

"ढकलू दे. खांद्याला लागलं की मला कळेल, भिंत आली."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं ते पाणी इथून तिथे न्यायचं काम करत होते, आणि हे त्यांना सुचलं नव्हतं. मग ते लगबगीने शेवटच्या तोंडाकडे गेले आणि पुन्हा पालथे पडले. या वेळी पंप बंद करायचंही त्यांना सुचलं नाही. धार बोटांवर घेत घेतच त्यांनी गोळी वळवली.

पहिल्या खेपेला धार उशिरा लागली, बाईंची बोटं भिंतीवर मुडपली. "अजून अलीकडे!" दुसऱ्या खेपेला ती कमरेला लागली. काकांनी गोळी किंचित वर केली. तिसऱ्या खेपेला बाईंनी धार खांद्यावर येताच दोन हात पुरे मारले, तिसरा भिंतीवर टेकवला, पाय आपटून वळल्या आणि परत सुटल्या. मग अलीकडच्या टोकाचं तोंडही तसंच लावलं. लंबूला पाण्यात उतरवलं, त्याला डोळे मिटून पोहायला लावलं. तो पाचव्या लेनमध्ये गेला आणि तिघंही हसली. कितीदा तोंड वळवलं आणि कितीदा बाई गेल्या-आल्या, त्याचा हिशोब कोणीच ठेवला नाही. बंद वेळ संपत आली हेही कोणाच्या लक्षात नव्हतं.

"चालू झालेला दिसतोय पंप," दाराकडून आवाज आला.

सेक्रेटरी आत आले होते. लंबू ओलेत्याने ताठ उभा राहिला. काका फरशीवरून उठले. सेक्रेटरींनी त्यांच्या भिजलेल्या शर्टकडे पाहिलं, मग पाण्याकडे. तिसऱ्या लेनमधून कोणीतरी पोहत येत होतं. हात लांब पडत होते, पाणी उडत नव्हतं. भिंतीशी पोचताच ती व्यक्ती गती न मोडता वळली आणि पाय मारून परत निघाली.

"बंद वेळेत कोण आहे हे?" सेक्रेटरी म्हणाले. मग जरा थांबून, "पोहतंय मात्र झकास."

काकांनी पेटीतला कोरा कागद काढला. तो त्यांनी सकाळी आणलेला होता. मजकूर त्यांनी तिथेच काठावर बसून, हात पुसून लिहिला आणि खाली सही करून कागद पुढे केला. सेक्रेटरींनी वाचला. पंप चालू असताना ओढीचा व्हॉल्व्ह रोज अर्धा ते पाऊण तास बंद ठेवला गेल्याने सील तापून तडकलं व पाणी मोटरीत गेलं. सील व बसवणी यांत दोष नाही.

"बंद ठेवला? कोणी?"

"कारण मागितलं होतंत, साहेब. ते लिहिलं."

"काका, कोणी ठेवला ते विचारतोय मी!"

त्यांचा आवाज छताला आदळून सगळ्या तलावावर पसरला. लंबू एक पाऊल पुढे आला. पण तो बोलायच्या आत पाण्यातला आवाज थांबला. बाई उथळ भागात उभ्या राहिल्या होत्या. पाणी छातीपर्यंत होतं. त्यांनी टोपी काढली तसा कपाळावरचा टाक्यांचा व्रण दिसला, आणि सेक्रेटरींच्या हातातला कागद खाली आला.

"माझ्यासाठी ठेवला," बाई म्हणाल्या. "याला काही बोलू नका, साहेब. मी सांगितलं आणि त्याने ऐकलं, लहानपणापासूनची सवय आहे त्याला. काकांनी आता पाणी असं लावून दिलंय की काही बंद करायला नको. तुमचा नियम मला माहीत आहे. त्या दिवशी तुम्ही किती घाबरला होतात तेही माहीत आहे, गाडीत माझा हात धरला होता तुम्ही. आत्ता बाहेर या म्हणालात तर येते. पण आधी एकदा नीट बघा, आणि मग सांगा."

त्या मान वर करून, ठामपणे बोलत होत्या. फक्त छपराखाली घुमलेला आवाज नेमका कुठून आला याचा त्यांचा अंदाज थोडा चुकला होता. त्या बोलत होत्या ते सेक्रेटरींच्या डावीकडच्या रिकाम्या जागेशी, जिथे पाण्यात उतरायची शिडी होती. लंबूने त्यांना सांगायला तोंड उघडलं. सेक्रेटरींनी हात वर करून त्याला थांबवलं.

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग बुटांचा आवाज होऊ न देता, काठावर साचलेल्या पाण्यातून दोन पावलं डावीकडे सरकले आणि बाईंचा चेहरा जिकडे होता तिथे, शिडीशी, येऊन उभे राहिले.

"बघतोय, बाई," ते म्हणाले.